सबनीसने निवडलेला इतिहास

उपेंद्र सबनीस मला पहिल्या भेटीपासून आवडला नाही, हे मी आज सांगतेय. त्या भेटीत मी त्याला दोनदा चहा करून दिला होता आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवली होती. तोंडावर मी त्याला 'अहो उपेंद्रदा' म्हणायचे, कारण त्यानंच तसं सांगून ठेवलं होतं. "सर वगैरे नको हं, दा म्हणा. आपलेपणा वाटतो." समोरच्यानं आपल्याला कुठल्या आपलेपणानं हाक मारावी, हे स्वतःच ठरवून देणारा माणूस तोवर माझ्या पाहण्यात नव्हता. इथे मात्र मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. अहोजाहो पुष्कळ झालं.

आम्ही तेव्हा सिंगापुरात, क्लेमेंटीत राहायचो. आसपास मिळून पाच मराठी घरं होती, ज्यांची मुलं शाळेत न जाता घरी शिकत होती. यामागे काही थोर विचार नव्हता. इंटरनॅशनल शाळा परवडण्यातली नव्हती, सरकारी शाळेत परदेशी मुलांना जागा मिळेल तेव्हा मिळेल, आणि मुलं आमच्या नोकरीच्या पासवर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, असल्यामुळे शाळेची सक्ती नव्हती. एक वर्षापुरतं म्हणून होमस्कूलिंग सुरू केलं आणि ते अंगवळणी पडलं. गणित, इंग्रजी ज्याचं त्याच्या घरी. इतिहास मात्र सगळ्यांचा एकत्र, दर शनिवारी सकाळी, आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलांभोवती.

तो शिकवायच्या शैलाताई. रत्नागिरीच्या शाळेत त्यांनी अकरा वर्षं इतिहास शिकवला होता. नवरा जहाजावर चीफ इंजिनिअर. वर्षातले सहा-सात महिने समुद्रावर. बाई बुटक्या, आवाज बसका, आणि शिकवताना चपला काढून बसायची सवय. त्यांच्याकडे अभ्यासक्रम नावाचं काही नव्हतं. एक नकाशा, एक वही, आणि मुलांना विचारायचा एकच प्रश्न: "हे तुला कसं कळलं?" माझी रेवा तेव्हा दहा वर्षांची होती. घरी येऊन ती मलाही तेच विचारायची, आणि मला राग यायचा.

सबनीस चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत वरच्या हुद्द्यावर होता. बँकेला लागणाऱ्या सेवा कुठल्या कंपनीकडून घ्यायच्या, हे ठरवणं त्याचं काम. आमच्यात तो आला तो मुलीमुळे. इरा तेरा वर्षांची, सिंगापुरातच वाढलेली, शाळेत रमेना म्हणून घरी शिकवायचं ठरलेली. त्याची बायको माधवी साताऱ्याकडची. ती फारसं बोलायची नाही. ती बोलायला लागली की तो तिचं वाक्य पुरं करायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं पुरं करायचा.

इतिहासाचा त्याला भारी अभिमान. "आमच्या आडनावातच दप्तर आहे," असं तो पहिल्या दहा मिनिटांत सांगायचा. "सबनीस म्हणजे सैन्याचे कागद सांभाळणारे. रक्तात आहे हो." दिवाणखान्यात भिंतीवर तलवार लावली होती, ती घराण्यातली म्हणून दाखवायचा. माझ्या नवऱ्यानं, अभिजितनं, ती जवळून पाहिली. मुठीखाली बारकोडच्या स्टिकरचा गोंद राहिला होता.

तो आल्यावर महिन्याभरात शैलाताईंनी मुलांना पुलाउ उबीन नावाच्या बेटावर नेलं. चांगीहून बमबोटीनं, म्हणजे लहान लाकडी मोटरबोटीनं, दहा मिनिटांचं अंतर. आम्ही आयाही गेलो आणि सबनीस सुट्टी काढून आला. बेटावर पत्र्याच्या छपराखाली एक चिनी म्हातारी शहाळी विकत होती. शैलाताईंनी मुलांना सांगितलं होतं, प्रत्येकानं आजीला एक प्रश्न विचारायचा. रेवानं विचारलं, तुम्ही शाळेत कुठे जायचात? म्हातारीनं समोरच्या गवताकडे बोट केलं. तिथे शाळा होती म्हणाली, वडील दगडाच्या खाणीत कामाला होते म्हणाली, सुरुंग लावायच्या आधी घंटा वाजायची आणि वर्गातली सगळी मुलं एकदम कानांवर हात ठेवायची. ती कानांवर हात ठेवून दाखवत होती. मुलांनीही ठेवले.

तेवढ्यात सबनीसनं घड्याळ पाहिलं. "थँक यू आँटी, थँक यू," असं म्हणत त्यानं मुलांना उठवलं आणि पलीकडच्या माहितीफलकापुढे नेऊन उभं केलं. "हे वाचा. हे ऑथेंटिक आहे. ही बाई काय, काहीही सांगेल."

म्हातारीचे हात अजून कानांवरच होते. इरा मात्र उठली नाही. तिच्या शेजारी बाकड्यावर बसून राहिली आणि शहाळं पीत तिचं ऐकत राहिली. परतताना बोटीत सबनीस शैलाताईंना म्हणाला, "मॅडम, सहल छान झाली. पण याला करिक्युलम म्हणत नाहीत."

"मी म्हटलंच नव्हतं," शैलाताई म्हणाल्या.

मग त्यानं स्वतःच जबाबदारी घेतली. कुणी दिली नव्हती. तीन आठवड्यांनी आम्हाला त्याच्या काँडोतल्या फ्लॅटवर बोलावणं आलं. टीव्हीच्या पडद्यावर तक्ता लावलेला. होमस्कूलिंगसाठी मिळणारे इतिहासाचे चार तयार अभ्यासक्रम आणि प्रत्येकाला सव्वीस कसोट्यांवर गुण. भाषेची गोडी, जागतिक दृष्टी, पालकांचा वेळ किती वाचतो, प्रमाणपत्र मिळतं का. "मी बँकेत व्हेंडर निवडतो," तो म्हणाला. "शेवटी इतिहास पुरवणारा हाही व्हेंडरच. आपण इमोशनल न होता बघू. डेटा काय म्हणतो?"

डेटा एका अमेरिकन संचाच्या बाजूनं बोलला. चार वर्षांत सगळं जग. व्हिडिओ बघायचे, पर्याय निवडून उत्तरं द्यायची, शेवटी प्रमाणपत्र छापून घ्यायचं.

"यात भारत कुठे आहे?" शैलाताईंनी विचारलं.

"आहे ना. अकराव्या युनिटमध्ये. दोन धडे."

"आणि महाराष्ट्र?"

"उल्लेख असणारच, मॅडम."

"आहे का?"

"असणारच."

"बरं, सिंगापूर?"

तो हसला. सगळ्यांकडे बघत, सगळ्यांना त्या हसण्यात ओढत तो म्हणाला, "सिंगापूर म्हणजे इतिहास कुठे, मॅडम? सिंगापूर म्हणजे करंट अफेअर्स."

लोक हसले. मीही हसले.

शैलाताई हसल्या नाहीत. "सबनीस, मी एवढंच म्हणते, मुलांच्या हातात द्यायच्या आधी आपण पाचही घरांनी ही पुस्तकं वाचून काढू. एक महिना घेऊ. मग ठरवा."

"त्यासाठीच तर हा तक्ता आहे!" तो म्हणाला. "तुमचे वाचायचे कष्ट मी वाचवलेत."

मग हात वर करून मतं घेतली. यात एक गोष्ट सांगायला हवी. अभिजित ज्या कंपनीत होता, ती सबनीसच्या बँकेला माणसं पुरवायची. अभिजित त्याच बँकेत बसायचा, आणि दर वर्षी ते काम पुढे चालू राहायचं की नाही, हे ठरवणाऱ्या कागदावर सबनीसची सही असायची. काम गेलं तर पास गेला, पास गेला तर महिन्याभरात सामान बांधायचं. आणखी एका घराचं तसंच होतं. सबनीसनं हे कधी बोलून दाखवलं नाही. फक्त मतदानाच्या आधी त्यानं अभिजितच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय अभिजित, तिकडं बरं चाललंय ना सगळं?"

अभिजितचा हात वर गेला. माझाही गेला. एकट्या शैलाताईंचा खाली राहिला. त्यांनी सगळ्या हातांकडे एकदा पाहिलं, चपला घातल्या आणि माधवीला "चहा छान होता गं" म्हणून निघून गेल्या. पुढच्या शनिवारपासून त्या आल्या नाहीत.

पहिला खंड आणायला मी एका दुपारी सबनीसकडे गेले. माधवी एकटीच होती. कपाटात त्या चारही अभ्यासक्रमांचे नमुने ओळीनं उभे होते, ज्यांना त्यानं सव्वीस-सव्वीस कसोट्यांवर गुण दिले होते ते. चारही गठ्ठे प्लास्टिकमध्ये होते. कारखान्यातून आले तसे, घट्ट. एकाचंही वेष्टन फाडलेलं नव्हतं. भाषेच्या गोडीसाठी यातल्या एकाला त्यानं दहापैकी नऊ दिले होते.

मी माधवीकडे पाहिलं. तिनं टेबलावरची धूळ नसलेली जागा पुसली. "ते ऑनलाइन अभिप्राय वाचतात," ती म्हणाली.

मी पुस्तक घेतलं आणि घरी आले. कुणाला काही बोलले नाही. त्या वर्षी अभिजितच्या कागदावर सही झाली.

ते वर्ष कसं गेलं, ते थोडक्यात सांगते. शनिवारी मुलं आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसायची. रेवाला अमेरिकेतल्या तेरा वसाहती पाठ झाल्या. एकदा तिनं विचारलं, "आई, पुणं युनिट कितीमध्ये येतं?" मी म्हटलं, पुढे येईल. तिनं पुन्हा विचारलं नाही. 'हे तुला कसं कळलं' हा प्रश्नही तिनं विचारणं सोडलं होतं. प्रमाणपत्रं मात्र झकास छापून यायची, आणि सबनीस त्यांचे फोटो ग्रुपवर टाकायचा. खाली सगळ्यांचे अंगठे. माझाही.

इरा मात्र दर बुधवारी शैलाताईंकडे जात होती. हे माधवीला ठाऊक होतं, बापाला नव्हतं. मला हे पुढे माधवीनंच सांगितलं. तिचं माहेर कोरेगावजवळचं एक लहान गाव. लग्न प्रेमाचं, पण त्या गावाचं नाव सबनीस चारचौघांत घेत नसे. कुणी विचारलंच तर "साताऱ्याकडच्या" एवढं म्हणून विषय बदलायचा. माधवीच्या आजोबांचा थोरला भाऊ, ज्ञानू जाधव, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी फौजेबरोबर शिंगापूरला गेला आणि परत आला नाही, इतकंच घरात माहीत होतं. इरानं ते ऐकलं आणि शैलाताईंना विचारलं, शोधता येईल का?

शैलाताईंनी शोधून दिलं नाही; शोधायला लावलं. इराच्या गावाकडच्या मामेभावानं ज्ञानूच्या बायकोच्या पेन्शनच्या कागदाचा फोटो पाठवला, त्यावर त्याचा फौजेतला नंबर होता. युद्धात गेलेल्यांच्या यादीत त्याच नावाचे आणखी दोन जाधव निघाले. इरा म्हणाली, "सेम नेम, कॅन लाह," म्हणजे चालतंय की. शैलाताई म्हणाल्या, "कॅन नाही. यातला तुझा कोणता, ते मला पटवून दे." तिला तीन महिने लागले. शेवटी शैलाताई, इरा आणि माधवी, तिघी क्रांजीच्या युद्धस्मारकावर गेल्या. टेकडीवरच्या उंच खांबांवर हजारो नावं कोरलेली आहेत. त्यातल्या एका खांबावर ज्ञानूचं नाव सापडलं. तिथल्या नोंदवहीत नंबर जुळला आणि नावापुढे हुद्दा लिहिलेला होता: कुक. फौजेचा स्वयंपाकी. मृत्यूची तारीख सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यानंतर दीड वर्षानं, कैदेतल्या काळातली.

"कशानं गेले?" इरानं विचारलं.

"लिहिलेलं नाही," शैलाताई म्हणाल्या. "मग आपणही लिहायचं नाही."

इरानं दहा पानं लिहिली. त्यातलं एक वाक्य माधवीनं मला वाचून दाखवलं होतं, मुलीच्या मोडक्या मराठीत लिहिलेलं: 'ते कसे गेले ते आम्हाला माहीत नाही, पण ते गेले तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव लिहून ठेवलं.'

ही पानं बापाच्या हाती लागली. बुधवारचं सगळं कळलं. माधवीला वाटलं, आता घर डोक्यावर घेईल. त्यानं तसलं काही केलं नाही. पानं चाळली आणि म्हणाला, "यात मटेरियल आहे."

आमच्या इथल्या मराठी मंडळींचा वर्षाचा कार्यक्रम होता. दोन-अडीचशे माणसं, साड्या, झब्बे, बाहेर पुरणपोळीचा वास. सबनीस समितीवर. त्यानं स्वतःसाठी वीस मिनिटं राखून ठेवली होती. डोक्याला फेटा बांधून तो मंचावर आला आणि मागच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'सिंगापूरच्या भूमीवरील आमचे पूर्वज. एक संशोधन. उपेंद्र सबनीस.'

मी माधवीच्या शेजारी बसले होते. पलीकडे इरा.

"आमच्या घराण्यातले सुभेदार ज्ञानोजीराव," त्यानं सुरुवात केली. इराची मान वर झाली. ज्ञानोजीराव म्हणे शत्रूनं वेढा घातल्यावरही मागे हटले नाहीत. तलवार होती म्हणे त्यांच्याकडे. शेवटच्या गोळीपर्यंत ते लढले आणि याच मातीत देह ठेवला. हे शोधायला आपल्याला किती रजा टाकाव्या लागल्या, तेही त्यानं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे हातही सवयीनं एकमेकांजवळ आले होते.

इरा उभी राहिली. माइक नव्हता, पण तिचा आवाज पोचला.

"पप्पा, ही वॉज अ कुक."

सभागृहात कुजबुज झाली. तिनं पुढे मराठीत सांगायचा प्रयत्न केला. "ते स्वयंपाक करायचे. सुभेदार नाही. आणि ते आईचे आहेत. जाधव. आपण जाधव नाही."

सबनीसच्या चेहऱ्यावर मी लाज शोधत होते. क्षणभर तरी दिसेल असं वाटलं. तो हसला, त्याच सगळ्यांना ओढून घेणाऱ्या हसण्यानं. "आमची लेक! हुशार आहे. पण मुलं कशी असतात, डिटेल्समध्ये अडकतात."

आणि लोक खरंच हसले.

"देअर आर ओन्ली डिटेल्स, पप्पा," इरा म्हणाली. "दुसरं काय आहेच नाही."

माधवी उठली. मला वाटलं, मुलीला खाली बसवेल. तिनं इराचा हात धरला आणि खुर्च्यांच्या ओळीतून, लोकांना गुडघे बाजूला घ्यायला लावत, ती दारापर्यंत चालत गेली. घाई केली नाही. बारा वर्षांत ती नवऱ्याच्या वाक्याच्या मध्येच पहिल्यांदा निघून गेली, असं पुढे तिच्या शेजारणीनं मला सांगितलं. मंचावर सबनीसनं पुढची स्लाइड लावली. ती तलवारीची होती. त्याची वीस मिनिटं अजून संपली नव्हती.

मीही उठून त्यांच्यामागे गेले असते तर इथे लिहायला बरं वाटलं असतं. मी शेवटपर्यंत बसले आणि जेवूनसुद्धा आले.

दोन महिन्यांनी अभिजितला दुसरीकडे नोकरी लागली, नवा पास आला, आणि मला एकदम कंठ फुटला. मी शैलाताईंच्या दारात गेले. त्यांनी कुकरची शिट्टी होऊ दिली, गॅस बंद केला आणि मग ऐकलं. मी प्लास्टिकमधल्या गठ्ठ्यांचंही सांगितलं.

"तुला तेव्हाच माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि तू तेच रेवाला वर्षभर शिकवलंस."

त्या शिकवायला तयार झाल्या, पण एका अटीवर: मुलांनी जे वाचायचं ते आधी आईबापांनी वाचायचं, आणि शनिवारी मुलांबरोबर बसायचं. मुलं प्रश्न विचारतील तेव्हा 'पुढे येईल' म्हणायचं नाही. चार घरं तयार झाली. माधवी आणि इरा न सांगताच आल्या. सबनीस आला नाही. तो ग्रुपचा ॲडमिन तेवढा राहिला आणि आम्हाला अभ्यासाच्या नव्या पद्धतींचे दुवे पाठवत राहिला.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते क्रांजीलाच. ज्ञानूच्या तारखेला माधवीला तिथे फूल ठेवायचं होतं. शैलाताई, मी, रेवा, इरा, सगळ्याच निघालो. आणि सबनीसही आला. का आला, ते कुणी विचारलं नाही. चढण चढून वर पोचलो तेव्हा तो अजून खाली टॅक्सीपाशी फोनवर बोलत होता.

इरानं खांब दाखवला. माधवीनं नावावर हात फिरवला आणि शेवंतीची दोन फुलं खाली ठेवली. डब्यातून एक भाकरी आणली होती, तीही ठेवली. पाच मिनिटांनी उचलून आम्हा सगळ्यांना तुकडा तुकडा दिली. ऊन चढायला लागलं होतं.

मग सबनीस आला, घाम पुसत. आमच्याकडे न बघता तो दोन खांब पलीकडे गेला, मान वर करून डोळे बारीक केले आणि कुठल्या तरी जाधवावर थांबला. मला हाक मारली. "मंजिरी, जरा एक फोटो काढ ना. नावाकडे बोट दाखवतोय असा."

तो भलत्याच खांबाशी उभा होता, भलत्याच माणसाच्या नावावर बोट ठेवून. इरानं ते पाहिलं. मी तिच्याकडे बघितलं, तर तिनं नकारार्थी मान हलवली आणि रेवाला घेऊन उताराला लागली.

मी त्याचा फोन हातात घेतला. "उपेंद्रदा, थोडं डावीकडे सरका," मी म्हटलं. "तोंडावर सावली येतेय."

तो सरकला. बोटही सरकलं. त्याखाली आता आणखीच तिसरा कुणी आला होता. सबनीसनं छाती पुढे काढली आणि चेहरा गंभीर केला. मी तीन फोटो काढले. तिन्ही अगदी स्वच्छ आले.